रक्ताचा पंचनामा

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे.)



अभ्यासवर्गाच्या पोरांनी मला विषय दिला तो असा : गुन्हा माणसाच्या रक्तात असतो का? मेंदूत असतो का? खरं तर हा विषय एखाद्या डॉक्टरला द्यायचा. मी गोदीत पाठीवर गोण्या वाहणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला पुढं ढकलता. पण विषय हातात आल्यावर वाचत गेलो, आणि ध्यानात आलं की ह्या विषयावर गेली दीडशे वर्षं डॉक्टर बोलले, फौजदार बोलले, कलेक्टर बोलले, न्यायाधीश बोलले. ज्यांचं रक्त तपासलं, ज्यांची डोकी मोजली, ते तेवढे बोलले नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नाही. तेव्हा आज आपण बोलू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बापाकडून पोराला गुन्हा वारशानं मिळत नाही. मिळते ती नोंद. पोलीसठाण्यातल्या वहीतली नोंद. आणि ती नोंद बघून मागाहून येणारा शास्त्रज्ञ म्हणतो, बघा, बापही चोर, पोरगाही चोर, म्हणजे चोरी रक्तातच आहे! एवढंच मला सांगायचं आहे. बाकी सगळा पुरावा.

सुरुवात आपल्या भाषेपासून करतो. मराठीत कुणाला शिवी द्यायची झाली तर ‘भामटा’ म्हणतात. शाळेतला मास्तर म्हणतो, वर्तमानपत्राचा मथळा म्हणतो. पण भामटा हे एका जमातीचं नाव आहे. जिवंत माणसांचं, बायाबापड्यांचं, लेकराबाळांचं. अख्खी जमात शब्दकोशात लफंगा ह्या अर्थानं जाऊन बसली आणि आपल्या साहित्यिकांना त्याचं काही वाटलं नाही. एखाद्या प्रतिष्ठित जातीचं नाव असं शिवी म्हणून वापरून बघा, दुसऱ्या दिवशी मोर्चा निघेल.

हे घडलं कसं? १८७१ साली इंग्रज सरकारनं कायदा केला. गुन्हेगार जमातींचा कायदा. त्यामागचा युक्तिवाद ऐका. ह्या देशात सुताराचा पोरगा सुतार होतो, विणकराचा पोरगा विणकर होतो; मग चोराचा पोरगा चोर होणार, त्याचे पूर्वज चोर होते, त्याचे वंशजही चोरच राहणार. म्हणजे जातिव्यवस्था भटानं लिहिली आणि कलेक्टरनं तिच्यावर सरकारी शिक्का मारला! कायदा आधी उत्तरेत लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्यानं तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी, कंजारभाट. एकदा जमात जाहीर झाली की संपलं. तुम्ही काय केलं हा प्रश्न नाही. कुणाच्या पोटी जन्मलात एवढं पुरे. चौकीवर किंवा पाटलाकडं हजेरी. गावाबाहेर पडायचं तर पास. बोटांचे ठसे. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट.

आता ह्यातली गोम बघा. १८९७ च्या दुरुस्तीनं सरकारला असाही अधिकार मिळाला, की ह्या जमातींतली पोरं, अगदी चार वर्षांची, आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची. कशाला? तर सुधारावीत म्हणून. अरे, गुन्हा रक्तात असेल तर आईपासून तोडून पोरगं सुधारेल कसं? रक्त काय आईच्या झोपडीत ठेवून आलं? आणि जर वेगळं ठेवल्यानं सुधारत असेल, तर रक्ताचा दोष नाही हे तुम्हीच कबूल केलंत. मग जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंद का? दोन्ही बाजूंनी तेच जिंकणार आणि दोन्ही बाजूंनी लेकरू आमचंच जाणार.

खरं कारण रक्तात नव्हतंच. बैल, गाढवं, मीठ, धान्य घेऊन फिरणारे लोक रेल्वे आली तसे धंद्याविना झाले. जंगलखात्यानं जंगल बंद केलं तसे शिकारीविना झाले. फिरत्या माणसावर कर बसवता येत नाही, पाळत ठेवता येत नाही. म्हणून त्याला कुंपणात घातलं. आणि कुंपणाशेजारी काय होतं? सोलापूरच्या गिरण्या. सेटलमेंटमधून गिरण्यांना मजूर मिळाला, जाऊन जाऊन जाणार कुठं असा. ह्याला म्हणतात सुधारणा.

हा कायदा १८७१ चा. आणि ज्याला गुन्हेगारीच्या शास्त्राचा बाप म्हणतात त्या इटलीच्या चेझारे लोम्ब्रोझोचं जन्मजात गुन्हेगाराबद्दलचं पुस्तक आलं १८७६ साली. म्हणजे शास्त्र यायच्या आधी पाच वर्षं इथं कायदा तयार होता. आधी शिक्षा, मागनं पुरावा.

हा लोम्ब्रोझो डॉक्टर होता. त्यानं दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाच्या विलेल्ला नावाच्या एका कैद्याची कवटी उघडली. चोरीखाली शिक्षा भोगलेला गरीब माणूस. कवटीच्या मागच्या बाजूला त्याला एक खळगा दिसला, माणसांत सहसा न दिसणारा. झालं. लोम्ब्रोझोनं ठरवलं की गुन्हेगार हा मागं राहिलेला, अर्धा जनावर असलेला माणूस. त्याचा जबडा, कान, कपाळ बघून तो ओळखता येतो. लक्षात घ्या, इटली तेव्हा नुकती एक झाली होती, आणि उत्तरेतले शहाणे लोक दक्षिणेतल्या गरीब शेतकऱ्यांना रानटीच समजत होते. शास्त्रानं त्यांच्या समजुतीला कवटी आणून दिली. ती कवटी आजही तुरिनच्या संग्रहालयात आहे. विलेल्लाच्या गावानं ती दफन करायला परत मागितली, कोर्टात गेले. २०१२ साली खालच्या कोर्टात जिंकले, वरच्या कोर्टांत हरले. दीडशे वर्षांनीही गरिबाला मूठमाती नाही. त्याच संग्रहालयात लोम्ब्रोझोचा स्वतःचा सांगाडाही उभा आहे. पण तो त्यानं आपल्या मर्जीनं दिला होता. विलेल्लाची मर्जी कुणी विचारली?

लोम्ब्रोझोला उत्तर कुणी दिलं? चार्ल्स गोरिंग नावाच्या इंग्रज तुरुंगाच्या डॉक्टरनं. त्यानं तीन हजारांच्या आसपास कैदी मोजले आणि त्यांची तुलना तुरुंगाबाहेरच्या माणसांशी केली. १९१३ साली निकाल छापला : गुन्हेगाराचा म्हणून वेगळा असा शरीराचा साचा नाही. पण हा गोरिंगही रक्ताचा नाद सोडायला तयार नव्हता. तो म्हणाला, कानात नसेल तर बुद्धीत असेल, आणि बुद्धी वंशातनं येते. हे ध्यानात ठेवा. एक जागा खोटी ठरली की हे लोक दुसरी जागा शोधतात. कवटी गेली की गुणसूत्र. गुणसूत्र गेलं की जनुक. जनुक डळमळलं की मेंदूचा फोटो.

गुणसूत्राचीच गोष्ट घ्या. पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असतं. हजारात साधारण एका पुरुषाला वाय दोन असतात. १९६५ साली स्कॉटलंडमधल्या एका बंदिस्त इस्पितळात, जिथं धोकादायक म्हणून ठरवलेले मनोरुग्ण ठेवले होते, जवळजवळ दोनशे पुरुष तपासले. त्यांत सात जण दोन वायवाले निघाले. झाला गवगवा. दुप्पट वाय म्हणजे दुप्पट पुरुष, दुप्पट हिंसक! १९६६ साली शिकागोत आठ शिकाऊ नर्सेसचे खून झाले. त्या खुन्याला दोन वाय आहेत असं वर्तमानपत्रांनी ठोकून दिलं. तपासणीत तसं काहीच नव्हतं. पण खोटी बातमी पुस्तकांत राहिली. मग डेन्मार्कमध्ये नीट अभ्यास झाला, १९७६ साली छापला. तुरुंगात न जाता सरकारी नोंदीतनं उंच पुरुष शोधले, चार हजारांवर तपासले. दोन वायवाले निघाले फक्त बारा. त्यांच्यावर गुन्ह्यांची नोंद इतरांपेक्षा जास्त होती, पण हिंसा जास्त होती असं दिसलं नाही. किरकोळ गुन्हे, आणि त्यांचा संबंध शाळेत मागं पडण्याशी लागत होता. मग मागं पडलेला माणूस जास्त गुन्हे करतो, का जास्त सापडतो?

ह्या प्रश्नावर जरा थांबू. हा माझ्या कामावरचा प्रश्न आहे.

माल कमी भरला की गेटावर झडती कुणाची होते? हमालाची. खिसे उलटे, डबा उघडा, कमरेचा पंचा सोड. माझीही झाली आहे, कितीदा तरी. आता समजा एखाद्या हमालाच्या डब्यात मूठभर साखर सापडली. नोंद झाली. पण कागदावर दहा टन कमी दाखवणारा माणूस त्याच गेटातनं गाडीच्या काचा वर करून जातो. त्याला कुणी हात लावत नाही. वर्षाअखेरीला यादी काढली तर चोर म्हणून नावं कुणाची? शंभरपैकी शंभर हमालांची! आता ह्या यादीवर एक शास्त्रज्ञ बोलवा. त्यानं रक्त तपासावं, मेंदू तपासावा. त्याला काय सापडेल? हमालाचं रक्त सापडेल. अर्धपोटी रक्त, लहानपणी न्यूमोनिया झालेली छाती, डोक्यावर मार बसलेला मेंदू. आणि तो प्रामाणिकपणे लिहील की चोराची लक्षणं ही अशी असतात. माणूस लबाड असायची गरजच नाही. यादीच लबाड आहे.

आपल्या देशाची यादी घ्या. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत पाच लाख त्र्याहत्तर हजार माणसं होती. त्यांतली चार लाख चौतीस हजार कच्चे कैदी. म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर जणांचा गुन्हा शाबितच झालेला नव्हता. जामिनाला पैसे नाहीत, वकील नाही, म्हणून आत. तुरुंगात जाऊन कुणी गुन्ह्याचं रक्त शोधायला लागला तर त्याच्या सुईला जामीन न परवडलेल्या माणसाचं रक्त लागणार.

आता जनुकाकडं येतो. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडं निरोप नेणारी रसायनं असतात. निरोप पोचला की ती साफ करावी लागतात. ती झाडलोट करणारं एक एन्झाइम आहे, त्याचं जनुक एमएओए. १९९३ साली नेदरलंड्समधल्या एका घराण्याचा अभ्यास छापून आला. त्या घरातल्या काही पुरुषांत हे जनुक पार मोडलेलं होतं, एन्झाइम बनतच नव्हतं. ते बुद्धीनं मंद होते आणि त्यांच्या हातून मारहाण, जाळपोळ, बलात्काराचा प्रयत्न असे प्रकार घडले होते. हा अभ्यास खोटा नाही. पण असं मोडलेलं जनुक जगात फार क्वचित सापडतं. सर्वसाधारण माणसांत जे आढळतं ते वेगळं : जनुक शाबूत, फक्त काम मंद. तिघांतल्या एका गोऱ्या पुरुषात ते असतं. चिनी पुरुषांत निम्म्याहून अधिकांत असतं. म्हणजे ते जनुक गुन्ह्याचं असेल तर युरोपातला दर तिसरा पुरुष आत टाकावा लागेल.

२००२ साली न्यूझीलंडच्या डनेडिन शहरातला अभ्यास आला. तिथं १९७२-७३ साली जन्मलेली पोरं लहानपणापासून पाहण्यात ठेवली होती. मंद जनुकाची जी पोरं घरात मार खात, छळ सोसत वाढली, त्यांच्यात पुढं हिंसा जास्त दिसली. आणि तेच जनुक असून ज्यांना माया मिळाली, त्यांच्यात तसं दिसलं नाही. नीट ऐकलंत? तेच जनुक. फरक पडला तो माराचा. पुढच्या काही अभ्यासांत हेही मिळालं, काहींत मिळालं नाही. पण वर्तमानपत्रांनी काय उचललं? नाव दिलं ‘लढवय्या जनुक’. आणि २००६ साली त्याच न्यूझीलंडमध्ये बातमी झाली की हे जनुक मूळच्या माओरी लोकांत जास्त आढळतं, म्हणून त्यांच्यात हिंसा. ज्यांची जमीन गेली, भाषा गेली, ज्यांनी तुरुंग भरले, त्यांना सांगितलं की दोष तुमच्या जनुकाचा. माओरी लोक चवताळून उठले. चिन्यांत ते जनुक आणखी जास्त आहे, पण त्यांना कुणी लढवय्ये म्हटलं नाही. आता सांगा, बोट जनुकाकडं होतं का जमातीकडं?

आणि हेच शास्त्र कोर्टात गेलं की उलट्या पायांनीही चालतं. इटलीतल्या त्रिएस्तच्या अपील कोर्टानं २००९ साली एका खुन्याची शिक्षा एक वर्षानं कमी केली. त्याच्यात असली जनुकं आहेत, बिचाऱ्याचा ताबा राहत नसेल, असं म्हणून. आज दया आली म्हणून एक वर्ष कमी. उद्या दुसरा न्यायाधीश म्हणेल, ताबा राहत नाही तर हा सुटून पुन्हा तेच करणार, ठेवा जन्मभर आत. एकाच जनुकाच्या दोन शिक्षा. श्रीमंताच्या वकिलाच्या हातात जनुक आलं की तो आजार होतो. गरिबाच्या वस्तीवर आलं की ती जात होते.

मग मेंदू. मेंदूला इजा झाली तर स्वभाव बदलतो, ह्यात वाद नाही. १८४८ साली अमेरिकेत फिनियस गेज नावाचा रेल्वेच्या रस्त्यावर सुरुंग लावणारा मुकादम होता. स्फोटात लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतनं बाहेर पडली. माणूस वाचला, पण बदलला, शिवराळ झाला, असं त्याच्या डॉक्टरनं लिहिलं. कामगाराच्या डोक्यातनं पहार गेली तेव्हा शास्त्राला मेंदूचा पुढचा भाग समजला. आपली डोकी शास्त्राच्या नेहमी कामाला येतात.

१९९७ साली कॅलिफोर्नियात एकेचाळीस खुनी आणि एकेचाळीस साधी माणसं यांच्या मेंदूचे स्कॅन ताडून पाहिले. खुन्यांच्या मेंदूचा पुढचा भाग, जो माणसाला आवर घालतो, तो मंद दिसला. पण हे एकेचाळीस कोण? ज्यांच्या वकिलांनी ‘आमचा अशील वेडाच्या भरात होता’ असा बचाव घेतला होता ते. म्हणजे मेंदूत काही बिघाड असल्याचा संशय आधीपासूनच होता. त्यावरून सगळ्या खुन्यांचा मेंदू असा असतो म्हणणं, म्हणजे केईएमच्या वॉर्डात जाऊन सगळी मुंबई आजारी आहे म्हणण्यासारखं. आणि लढाईत वरिष्ठांच्या हुकमानं मारणारा, आडनावावरून वस्ती पेटवणारा, त्यांचा स्कॅन कुणी काढला?

हे परदेशातलं झालं. मेंदूचं यंत्र आपल्या पुण्यातही आलं. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका तरुणीला खुनाखाली जन्मठेप दिली, त्यात मेंदूच्या चाचणीचा पुरावा धरला होता. डोक्याला तारा लावायच्या, वाक्यं वाचून दाखवायची, आणि मेंदूच्या लहरी बघून म्हणायचं की हिच्या मेंदूत खुनाचा अनुभव आहे. सगळ्या जगातल्या तज्ज्ञांनी भुवया उंचावल्या. ५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टानं सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, लाय डिटेक्टर, मेंदूची चाचणी माणसाच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही. संविधानाचं कलम २० (३) : कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही. बाबासाहेबांच्या मसुदा समितीतनं आलेलं ते कलम तारांच्या आड उभं राहिलं. पाठ करा ते.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, मग फेकून द्या हे सगळं शास्त्र. नाही, साथींनो. फेकायचं नाही. वाचायचं. बाबासाहेबांनी काय केलं? रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी नाकं मोजत फिरला होता आणि सांगत होता की नाक जितकं रुंद तितकी जात खालची, कारण वंश वेगळा. बाबासाहेबांनी त्या मोजमापांना शिव्या दिल्या नाहीत. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मोजमापांचेच तक्ते पुढं घेतले आणि त्यांच्याच आकड्यांवरून दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. शत्रूचीच मोजपट्टी घेतली आणि त्याचंच अंग मोजलं. आपल्याला ही विद्या पाहिजे.

ती घेऊन मेंदूकडं बघा. मेंदूला खरोखर काय बिघडवतं? शिसं बिघडवतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात पोरांना आईच्या पोटात असल्यापासून पाहण्यात ठेवलं, जुन्या पडक्या घरांत राहणारी पोरं, जिथं भिंतीचा शिशाचा रंग पोपडे होऊन पडतो. २००८ साली निकाल आला : लहानपणी रक्तात शिसं जितकं जास्त, पुढं अटका तितक्या जास्त. भूक बिघडवते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीनं डच शहरं उपाशी मारली. त्या दुष्काळात पोटात असलेल्या पोरांत मोठेपणी समाजाशी न जुळणारं वागणं जास्त आढळलं, असा अभ्यास १९९९ साली छापला. उच्चवर्णीय नसलेले, गोरेगोमटे डच लोक, तेच जनुक. फक्त आईच्या पोटात अन्न नव्हतं.

मग आपल्या वस्तीकडं बघा. भारतात पेट्रोलमधलं शिसं गेलं २००० साली. पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या भट्ट्या कुणाच्या घराशेजारी लागतात? मलबार हिलवर लागतात का? पोटुशी बाई अर्धपोटी कुणाच्या घरात झोपते? तुम्हाला मेंदूत कारण शोधायचंय ना, शोधा! पण मग पुरं शोधा. मेंदूपर्यंत जाऊन थांबू नका. त्या मेंदूत शिसं कुणी ओतलं, भाकरी कुणी काढून घेतली, तिथपर्यंत चला. तिथं शास्त्रज्ञाचे पाय लटपटतात, कारण तो रस्ता वस्तीतनं निघून मालकाच्या बंगल्यावर जातो.

मात्र इथं एक सावधगिरी सांगतो. शिसं असलेला प्रत्येक पोरगा गुन्हेगार होत नाही, उपाशी वाढलेली कोट्यवधी माणसं मान मोडून काम करतात. उद्या कुणी म्हणू नये की शिसेवाल्या वस्तीतली पोरं जन्मजात धोकादायक. आपल्या बाजूनं बोलता बोलता तोच शिक्का आपण आपल्या पोरांवर मारायचा नाही. मेंदूच्या इजेवर औषध पाहिजे, अन्न पाहिजे, शाळा पाहिजे. नोंद नको.

आणि आणखी एक, जे बोलताना माझा गळा जड होतो. २९ सप्टेंबर २००६. खैरलांजी. एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं गावानं मिळून मारली. तेव्हा कुण्या प्राध्यापकानं लेख लिहिला का, की ह्या गावाच्या रक्तात खून आहे? ह्या जातींचं जनुक तपासा? लिहिला नाही. आणि आपणही तसं म्हणायचं नाही. राग कितीही असू दे. त्यांनी खून रक्तानं केला नाही. त्यांना शिकवलं गेलं होतं की ह्यांना मारलं तर चालतं. शिकवलेलं आहे म्हणूनच ते मोडता येतं. रक्तात असतं तर आपली चळवळ कशाला पाहिजे होती? घरी बसलो असतो.

आता आजचं बोलू. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन आपण पाळतो. पण १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. पाटी बदलली, वही तीच राहिली. पारध्याच्या पालावर आजही रात्री जीप येते. कुठंतरी चोरी झाली एवढं कारण पुरतं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : तुरुंगात जातीवरून कामं वाटायची नाहीत, तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका, विमुक्त जमातीच्या माणसाला जन्मावरून सराईत गुन्हेगार धरू नका. संविधान लागू होऊन पंचाहत्तर वर्षं होत आली तेव्हा हे सांगावं लागलं! म्हणजे तोवर काय चाललं होतं ते समजून घ्या.

आणि २०२२ चा नवा कायदा. गुन्हेगारांची ओळख पटवण्यासाठीचा. अटक झालेल्याचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, जैविक नमुने घ्यायचे आणि ती नोंद पंचाहत्तर वर्षं ठेवायची. पंचाहत्तर वर्षं! माणूस मरून जाईल, त्याचा नातू म्हातारा होईल, नोंद जिवंत. सरकार म्हणतं, हे फक्त ओळखीसाठी. असेल. पण लोम्ब्रोझोला कवट्या कुठनं मिळाल्या होत्या? तुरुंगातनंच. एकदा पकडलेल्यांच्या रक्ताचं गोदाम भरलं, की त्यात बसून गुन्ह्याचं जनुक शोधायचा मोह कुणाला तरी होणारच. आणि गोदामात माल कुणाचा असेल हे मी सांगायला नको.

म्हणून तीन कामं घ्या. पहिलं, हा कायदा वस्तीत वाचून दाखवा. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक झाली असेल आणि गुन्हा बाई किंवा लहान मुलाविरुद्धचा नसेल, तर जैविक नमुना द्यायला नकार देता येतो. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि निर्दोष सुटलात, तर न्यायाधीशानं उलट हुकूम केला नसेल तोवर नोंद पुसून टाकायला पाहिजे. हे पोरांना ठाऊक नाही. दुसरं, ३१ ऑगस्टला भाषणं करून घरी जायचं नाही. पालावर जायचं, कुणाकुणाच्या नावावर ठाण्यात काय लिहिलंय ते वकिलाला घेऊन विचारायचं. महार, मांग, चांभार म्हणून आपण एक होतो. पारधी, कैकाडी, भामटा आला की आपल्यातलेच काहीजण खिसा चाचपतात. हा हात खिशावरनं काढा. तिसरं, ‘भामटा’ हा शब्द शिवी म्हणून वापरणं बंद. आपल्या कवितेत, आपल्या तोंडात, आपल्या ह्या अंकात. आजपासून.

रक्त लाल असतं, त्यात मीठ असतं, लोह असतं, भूक असली तर लोह कमी असतं. त्यात आडनाव नसतं. आडनाव वहीत असतं. आपलं भांडण वहीशी आहे.

एवढं बोलून थांबतो. जय भीम.